सागर टोपी अन् माही झालर

सागऱ्या, तुही तेरवी होऊन आठवडा नाही झाला अन् काल चिखलीत एका काकानं मले सागर टोपी म्हणजे काय असते ते समजावून सांगतलं. मले! स्टँडच्या बाहेर जीप उभी, टपावर फवारणीचा पंप बांधलेला, अन् पंपाच्या नळीले ती आपली तेलाची कॅन कापून केलेली टोपी. मी पाहातच राह्यली. तर काका लय प्रेमानं म्हणे, "काय पाहून राह्यली ताई? सागर टोपी हाय ही. तणनाशक मारताना कापसाच्या पऱ्हाटीवर उडत नाही. तुमच्याकडं आली नाही काय अजून?"

मी म्हटलं, "तुम्ही कुठले काका?"

"वरवट बकालचा. आमच्या भागात लय जणाकडं झाली आता."

"अन् सागर म्हणजे?"

"कंपनी असंन ना एखादी."

कंपनी! पाह्य बे. डोणगावचा सागऱ्या, ज्याले तूर अन् ढेमसं एकाच पिशवीत घालून आणल्याबद्दल मोठी आई अजूनही बोलते, तो कंपनी झाला. तेही जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाले, जिथं तू कधी गेलाही नाही. अन् खरं सांगू? मले रडू नाही आलं. लोकाले वाटते चुलतभाऊ गेला, पोरगी सुन्न झाली. सुन्न कुठली, माह्या पोटात जळलं. सरळ जळलं. तू असता तर तिथूनच फोन लावून शिव्या घातल्या असत्या. आता फोन लावला तर तो तुह्या बाबाच्या, म्हणजे मोठ्या बाबाच्या खिशात वाजते. म्हणून हे टाइप करून राह्यली. वाचायचं असंन तर वाच, नाहीतर नेहमीसारखं अर्धं वाचून हसणारं तोंड पाठव.

सुरुवातीपासून भांडते. मले हक्क आहे.

आपण दोघं एकाच वर्षी कृषीची डिग्री घेतली. मी तुह्यापेक्षा मोठी, माहे मार्क तुह्यापेक्षा जास्त, अन् कॉलेजात सगळ्याले नोट्स माह्याच. अन् घरी आल्यावर काय झालं? मोठ्या बाबानं तुले आपल्या खत-औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर बसवलं अन् मले म्हणे, "पूजे, तू मागं बसून कम्प्युटरचं पाह्य व." मी मागं, गोण्याच्या पलीकडं, अन् तू समोर पंख्याखाली. सगळा डोणगावचा बाजार तुह्यासमोर. मले फक्त तुही पाठ दिसे, अन् तुह्या पाठीपलीकडं लोकं हसताना.

अन् कशावर हसत? माह्या वाचलेल्यावर! हे मी कधीच माफ करणार नाही. तणनाशकाच्या कंपन्या, त्यांची पेटंटं, कोर्टातली भांडणं, हे सगळं वाचायचं येड कोणाले होतं? मले. इंग्रजीतली वीस वीस पानं मोबाइलवर वाचून डोळे फोडायचे मी, मेहकरहून येताना गाडीवर मागं बसून तुह्या कानात ओरडून सांगायचं मी, अन् दुसऱ्या दिवशी काउंटरवर सांगे कोण? तू. अन् कसं सांगे!

आठवते तुले ती तीन कंपन्याची गोष्ट? आठवतेच. एक काका सगळ्यात जास्त खपणारी ती बाटली घेऊन चालले होते, अन् तू म्हणे, "काका, हिच्यातलं औषध आधी तणाचं औषधच नव्हतं."

"मंग काय होतं बावा?"

"परदेशात एका कंपनीत माणसाच्या औषधासाठी बनलं. पण माणसाच्या काही कामाचं दिसलं नाही म्हणून ठेवून देलं बाजूले. मंग दुसऱ्या कंपनीनं त्याच्यावर पेटंट काढलं. कशासाठी? पायपात पांढरा थर जमते ना, तो काढाले."

"आमच्या बोअरच्या पाण्यानं पितळी गुंडाले बसते तसा?"

"हाव, तसाच! अन् मंग तिसऱ्या कंपनीतल्या एका माणसानं ते तणावर मारून पाह्यलं. केना मेला, हरळी मेली, लव्हाळा मान टाकून बसला. तिसरं पेटंट. अन् ती कंपनी जगाची मालक झाली."

"मंग त्याचा बाप कोणता म्हणायचा? पहिला का तिसरा?"

तू अशी मान तिरपी केली, जसं काही तूच पेटंट ऑफिसचा साहेब, अन् म्हणे, "काका, ज्यानं जन्म देला त्याले लेकरू ओळखताच नाही आलं. ज्यानं कामाले लावलं त्याचं नाव झालं."

सगळं दुकान हसलं. एका जणानं तर ती बाटली पुन्हा फिरवून पाह्यली. मी गोण्यामागून ओरडली, "अबे, पहिल्याले ओळखता आलं नाही कारण त्यानं तणावर मारलंच नव्हतं! नीट सांग ना!" तू मागं वळूनही न पाहता म्हणे, "या आमच्या वकिलीनबाई. आतून हरकत आली." पुन्हा हसले.

मी तीच गोष्ट घरी सांगून पाह्यली, माह्या बाबाले. पूर्ण बरोबर, एक शब्द इकडचा तिकडं नाही. बाबा म्हणे, "बरं," अन् चहा मागतला.

तुहा गुण म्हणजे तुले अर्धंच समजे अन् पूर्ण सांगता येई. माह्यं उलटं. आपल्या देशातला जुना कायदा मी तुले सांगतला होता, का आपल्याकडं आधी अशा औषधावर पेटंट नव्हतंच, ते बनवायच्या रीतीवर होतं, म्हणून इथल्या कंपन्या दुसरी रीत काढून तेच औषध बनवत अन् परदेशी कंपन्या चडफडत. मी तुले कलमं सांगतली बे, कलमं! अन् तू बाजारात सांगतलं, "भाजीवर हक्क नाही, फोडणीवर हक्क. शेजारणीनं वेगळी फोडणी देऊन तीच भाजी केली तर करू दे, तुमाले बोलता येत नाही. मंग कायदा बदलला अन् अख्खी भाजीच बांधून ठेवता याले लागली." झालं. दोन वाक्यात कायदा संपला. लोकाले समजला. मले राग आला, अन् त्याच रात्री मी ते फोडणीचं वाक्य लिहून ठेवलं, कारण ते चांगलं होतं. हे तुले कधी सांगतलं नाही. आता सांगून काय होते, तू काही फुशारकी मारायले नाही.

बरं, टोपी. टोपीवर येऊ दे.

टोपी तुही. मान्य. पऱ्हाटीच्या ओळीतलं गवत जाळताना वारा सुटला का पऱ्हाटीच जळते, हे सगळ्याले माहीत. तू मोठ्या आईची गोड्या तेलाची रिकामी कॅन घेतली, बूड कापलं, तोंडात नोझल बसवलं, अन् म्हणे झाली टोपी, आता आतल्या आत फवारते. दिसायले मस्त. अन् पहिला प्रयोग कुठं केला? माह्या बाबाच्या वावरात. स्वतःच्या नाही! कॅनच्या खालच्या फटीतून फवारा असा बाहेर आला का दोन ओळी पऱ्हाटी पिवळी पडली. बाबा वावराच्या कडेले धुऱ्यावर उभे राहून म्हणे, "सागर, तण कोणतं अन् पऱ्हाटी कोणती हे तुह्या टोपीले कोणी सांगतलं नाही काय?"

तू तोंड पाडून बसला. अन् मंग मी, मी सागऱ्या, मी सायकलची जुनी ट्यूब आणली. लांबीत कापली, कडेले भोकं पाडली, तारेनं ओवली, अन् कॅनच्या खालच्या काठाले गोल झालर लावली, जमिनीले घासत जाईन अशी. ढेकूळ आलं तर वाकते, पुन्हा सरळ होते, फट राहात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वावरात फवारलं, वारा होता तरी. एक पान नाही जळलं. तू धुऱ्यावर नाचला. नाचला, अन् नाचता नाचता म्हणे, "माही टोपी चालली व!"

माही टोपी.

मी तवाच म्हटलं होतं तुले. म्हटलं, त्या तणनाशकाचंही असंच होतं. मूळ औषध पाण्यात नीट विरघळतच नव्हतं. मंग त्याचा क्षार बनवला तवा ते पंपात चाललं, अन् एका कंपनीनं एक क्षार केला, दुसरीनं दुसरा, अन् प्रत्येकानं आपापल्या क्षाराचं वेगळं पेटंट घेतलं. मूळ ज्याचं त्याचं, पण क्षार ज्यानं बनवला त्याचा. "तर टोपी तुही," मी म्हटलं, "अन् झालर माही. लिहून ठेव." तू म्हणे, "बरं बरं, क्षारवाले बाई." त्याच्यानंतर महिनाभर मले क्षारच म्हणे.

पण लोकं काय म्हणाले? आपल्याकडं वस्तूले नाव कंपनीचं नसते, ज्याच्या हातात पहिल्यांदा दिसली त्याचं असते. तुह्या हातात दिसली. सागर टोपी. झालर त्याच्यातच आली, फुकटात, जशी पोरीच्या नावात बापाचं नाव येते तशी.

अन् मंग तो बाजाराचा दिवस. मी मेहकरहून आली तर दुकानासमोर दोरी बांधलेली, अन् दोरीवर आठ-दहा टोप्या लटकवलेल्या, कुरकुऱ्याच्या पाकिटासारख्या. अन् तू प्रत्येकाले हातात देऊन दाखवून राह्यला, का कुठून कापायचं, भोकं कशी पाडायची.

"हे काय करून राह्यला बे?"

"दिसत नाही काय? लटकवून राह्यलो."

"अबे येड्या, एकदा उघड दाखवली का ती नवी राहात नाही! मंग पेटंट नाही भेटत. मी सांगतलं होतं ना तुले?"

"तू सांगतलं म्हणून तर लटकवली."

"म्हणजे?"

"म्हणजे आता आपल्याले नाही भेटणार, बरोबर? मंग कोणालेच नाही भेटणार. उद्या कोणी टाय लावून आला अन् म्हणे ही टोपी आमची, तर सगळा बाजार म्हणीन, काऊन बे, आम्ही तर दोरीवर पाह्यली."

मी पाय आपटत आत गेली. रागानं नाही. म्हणजे रागानंच, पण वेगळ्या. तेवढी सगळी कागदं मी वाचली, तेवढे खटले मी पाठ केले, अन् त्याच्यातून ही गोष्ट मले सुचायले पाहिजे होती. तुले सुचली. अर्ध्या माहितीत. तू टोपी कोणाचीच होणार नाही अशी करून टाकली, अन् तसं करता करता ती तुहीच झाली. सांग आता, असा माणूस घरात असल्यावर जळू नाही तर काय करू?

त्या संध्याकाळी दोरी सोडताना मी म्हटलं, "ठीक आहे, पेटंट नको. पण लोकाले निदान सांग का झालर पूजानं लावली." तू दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणे, "सांगीन ना व. चिखलीले प्रदर्शन आहे ना, कॉलेजचे सर टोपी मांडणार आहेत. तिथं माइकवर सांगतो. सगळ्या जिल्ह्यासमोर. झालरवाली पूजा."

"नक्की?"

"नाही सांगतलं तर हरकत घे."

अन् मंग तुले ताप आला.

दवाखान्यात मी रोज येत होती, तुले माहीत आहे. सलाइन लावलेलं, ओठ सुकलेले, अन् तरी तू शेजारच्या खाटेवरच्या आजोबाले पायपातल्या थराची गोष्ट सांगून राह्यला होता. नर्सबाई म्हणे, "बोलू नका हो जास्त." तू म्हणे, "मॅडम, तिसरी कंपनी यायची बाकी आहे." आजोबा हसले. मी स्टुलावर बसून मनात म्हटलं, घ्या, इथंही. प्लेटलेट उतरलेल्या अन् हा माणूस गर्दी जमवून राह्यला. अन् झालरीचं माह्या जिभेवर आलं होतं बे. विचारणार होती का प्रदर्शनाची तारीख जवळ आली, माइकवर काय सांगशीन ते पक्कं करू. नाही विचारलं. वाटलं घरी आला का भांडू. भांडायले ताकद लागते, त्याले आधी ताकद येऊ दे. इतलाच विचार केला मी.

तेरवीले किती लोकं आले माहीत आहे? मांडव पुरला नाही. पंगतीवर पंगत उठली. अन् प्रत्येक जण म्हणे, सागर माह्या लय जवळचा होता. अरे कोण तुम्ही? मी तुह्यासोबत पाटीवर अ लिहायले शिकली, तू माहा खोडरबर खाल्लेला आहे, अन् कोण कुठला खताच्या गाडीचा डायव्हर माह्यासमोर हुंदके देऊन सांगते का, "ताई, त्यानं मले तणनाशकाची सगळी कहाणी सांगतली होती." कहाणी माही! रडणं मात्र त्याचं! मी आईले बोलली तर आई म्हणे, "मेलेल्याशी काय बरोबरी करते व पोरी? जेवून घे." पण बरोबरीच तर करायची राह्यली ना आई. जिवंत होता तवा मी मागं पडली, अन् आता तर तो जागचा हलणारच नाही, त्याले गाठू कशी?

अन् तुले सगळ्यात मोठी मजा सांगते. काउंटर मले भेटलं. हाव. मोठ्या बाबानं स्वतः गल्ल्याची चावी हातात देली, म्हणे, "आता तूच पाह्य व पूजे, माह्यानं तिथं बसवत नाही." जे मले पाहिजे होतं ते. पंख्याखालची खुर्ची, समोर सगळा बाजार. अन् पहिल्याच दिवशी ते बोअरवाले काका आले, बाटली घेतली, उगाच रेंगाळले. म्हणे, "ते सांग ना पोरी, सागर सांगे ते. तीन कंपन्याचं."

मी सांगतलं. बरोबर सांगतलं, वर्षावारी सांगतलं. काकांनी ऐकून घेतलं. म्हणे, "हाव... पण सागर सांगे तसं नाही वाटत."

मले असं वाटलं काउंटरच उलटं करावं. अन् मंग काय झालं कोणास ठाऊक, मी मान तिरपी केली. तुह्यासारखी. म्हटलं, "काका, ज्यानं जन्म देला त्याले लेकरू ओळखताच नाही आलं." अन् काका हसले. डोळे पुसत हसले. दुकानातले दुसरे दोघं पण हसले. मी किती वर्षं त्या हसण्याची वाट पाह्यली होती, अन् ते आलं तर तुह्या नावावर आलं. मी सहज मागं गोण्याकडं वळून पाह्यलं, का आतून कोणी ओरडते काय, नीट सांग ना म्हणून. कोणी नाही ओरडलं.

तर काल चिखलीत. ते वरवट बकालचे काका. "कंपनी असंन" म्हणे. माह्या तोंडात आलं होतं का कंपनी-बिंपनी काही नाही, माह्या घरातली वस्तू आहे. पण माही नजर टोपीवर गेली अन् मले राहावलं नाही. म्हटलं, "काका, तुमची झालर आखूड झाली. पाहा बरं, जमिनीले टेकत नाही. असं मारलं तर वाऱ्यात पऱ्हाटी जळंन."

काका म्हणे, "तसंच झालं ना ताई! एक ओळ गेली. तुमाले कसं माहीत?"

"ट्यूब आडवी कापली तुम्ही. लांबीत कापा. म्हणजे ढेकळावर वाकते अन् पुन्हा सरळ होते."

"तुम्ही त्या कंपनीत हाय काय?"

अन् मले हसू आलं सागऱ्या. रस्त्यात, जीपसमोर, ड्रायव्हर हॉर्न मारून राह्यला अन् मी हसून राह्यली. म्हटलं, "कंपनी नाही काका. सागर माणूस होता. माहा भाऊ. डोणगावचा."

काकानं 'होता' बरोबर ऐकलं. हात जोडल्यासारखे केले. मंग टोपीकडं पाहून विचारलं, "मंग ही झालर पण त्याचीच काय?"

कोणीतरी विचारलं बे. पहिल्यांदा. तेही अनोळखी माणसानं.

"झालर माही," मी म्हटलं.

"मंग त्यानं काऊन नाही लावली?"

"त्याले ट्यूब कापता येत नव्हती काका. एकदा कापाले गेला तर हातच कापून घेतला." खोटं आहे ते. पण तू पण लय खोटं सांगतलं काउंटरवर, एवढं मले चालते. काका जीपमध्ये चढले अन् खिडकीतून म्हणे, "लांबीत कापतो ताई!"

आज सकाळी कॉलेजच्या सराचा फोन आला. प्रदर्शनात टोपी मांडून राह्यले, टोपीखाली ठेवायले छोटं कार्ड पाहिजे, अन् म्हणे, "पूजा, तुझं टायपिंग फास्ट आहे, तूच करून दे. शोधकाचं नाव काय टाकायचं ते तुला माहीत." मले माहीत! माइकवर तू सांगणार होता. आता ना माइक, ना तू, अन् मलेच लिहायचं का कोणाचं काय.

दुकानात बसून लिहिलं. पहिल्यांदा नुसतं तुह्यं नाव टाकलं. पाह्यलं, अन् पोटात जळलं. खोडलं. मंग नुसतं माह्यं टाकलं. ते इतलं खराब दिसलं का लगेच खोडलं, कोणी पाह्यलं तर नाही म्हणून इकडं तिकडं पण पाह्यलं. मंग लिहिलं ते असं: टोपी सागरची. झालर पूजाची. कोणीही बनवावी.

मोठे बाबा आले तवा त्यांना दाखवलं. चष्मा चढवून त्यांनी कार्ड लांब धरून वाचलं अन् म्हणे, "झालर म्हणजे कोणती व?" पाह्य सागऱ्या! घरात! तू घरात पण सांगतलं नव्हतं! मी दुकानातली शेवटची टोपी काढून त्यांच्या हातात देली. त्यांनी ती ट्यूबची पट्टी बोटानं वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. लय वेळ. मंग म्हणे, "ही नसती तर टोपीचं काही कामाचं नव्हतं." मी म्हटलं, "अन् टोपी नसती तर ही नुसती फाटकी ट्यूब होती मोठे बाबा." हे मी कसं बोलली मलेच माहीत नाही. तुह्यासमोर मेली तरी बोलली नसती.

आता तू म्हणशीन का तुह्यं नाव वर आहे तर अक्षर मोठं पाहिजे होतं. म्हणशीन झालर टोपीत येतेच, वेगळी काऊन लिहिली. मीच तर तुले शिकवलं होतं, पेटंट छापून आलं का हरकतीले मुदत देतात, ज्याले भांडायचं त्यानं तेवढ्या मुदतीत यावं. कार्ड उद्या चिखलीले जाईन. सगळा जिल्हा वाचीन. तर ये ना बे. घे हरकत. काउंटरसमोर उभा राहा अन् सगळ्यासमोर सांग का पूजा खोटं बोलते.

दुसऱ्या कोणाची हरकत असती तर मुदत ठरवून देली असती. तुह्यासाठी उघडी ठेवली आहे.